ज्यानं रेडिओची ट्यूब बनवली, त्यालाच ती कशी चालते हे कळलं नव्हतं

आजोबांच्या काळातला व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवत असेल. बटण फिरवलं की लगेच आवाज यायचा नाही. आत काचेच्या नळ्या हळूहळू तापायच्या, तांबूस उजेड दिसायचा आणि मग कुठे बातम्या सुरू व्हायच्या.

ट्रान्झिस्टर आला आणि या नळ्या भंगारात गेल्या. आज मात्र त्याच भंगारावर जगभरातले ऑडिओचे शौकीन पैसे मोजतायत. जर्मनीची टेलिफुंकन, इंग्लंडची मुलार्ड, अमेरिकेची वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपन्यांच्या जुन्या, न वापरलेल्या ट्यूब मिळाल्या तर लोक अक्षरशः तुटून पडतात. आणि जिथे पैसा तिथे डुप्लिकेट माल. काचेवरचं नाव पुसायचं, दुसरं छापायचं, खोका नवा करायचा, काम झालं.

म्हणून या बाजारातला पहिला नियम असा की काचेवर काय छापलंय ते सोडा, आत काय आहे ते बघा. ट्यूब नक्की बनवली कुणी, हा खरा प्रश्न.

गंमत म्हणजे हा प्रश्न आजचा नाही, पहिल्या ट्यूबपासून तो आहे. ती ट्यूब ज्याच्या नावावर लागली त्या माणसाचं अर्धं आयुष्य याच प्रश्नावर कोर्टात गेलं.

त्याचं नाव ली डी फॉरेस्ट.

२६ ऑगस्ट १८७३ रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, काउन्सिल ब्लफ्स गावात त्याचा जन्म झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. १८७९ मध्ये ते अलाबामातल्या टॅलाडेगा कॉलेजचे अध्यक्ष झाले. हे कॉलेज कृष्णवर्णीयांसाठी होतं. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम १४ वर्षं झाली होती. कृष्णवर्णीयांना शिकवणाऱ्या या घराला गावातल्या गोऱ्या लोकांनी जवळपास वाळीतच टाकलं. लीचे खेळगडी म्हणजे कृष्णवर्णीयांची मुलं आणि स्वतःच्या हातांनी केलेली यंत्रं.

पोरानं आपल्यासारखं धर्मोपदेशक व्हावं ही वडिलांची इच्छा. पोराला व्हायचं होतं एडिसन. शेवटी तो येल विद्यापीठात गेला आणि १८९९ मध्ये पीएच.डी. घेऊन बाहेर पडला. विषय होता तारांच्या टोकांवरून होणारं विद्युतचुंबकीय लहरींचं परावर्तन. त्या काळात रेडिओ लहरींवर डॉक्टरेट केलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

बिनतारी संदेशाच्या जगात तेव्हा मार्कोनीचा दबदबा होता. लहरी पाठवणं जमलं होतं, अडचण होती ती पकडण्याची. दूरवरून येणारा क्षीण सिग्नल ओळखणारं उपकरण, म्हणजे डिटेक्टर, ज्याचा चांगला त्याचा धंदा चांगला.

१९०० च्या सुमारास डी फॉरेस्ट शिकागोमध्ये खोलीत प्रयोग करत होता. ठिणगी पाडणारं यंत्र सुरू केलं की गॅसबत्तीची ज्योत बदलते, असं त्याला दिसलं. त्याला वाटलं, रेडिओ लहरींचा तापलेल्या वायूवर परिणाम होतोय! नंतर कळलं की ज्योत ठिणगीच्या आवाजानं हलत होती. लहरींचा काही संबंध नव्हता.

दुसऱ्या कुणी हा विषय तिथेच सोडला असता. याच्या डोक्यात मात्र तापलेला वायू कायमचा बसला. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१९०२ मध्ये अब्राहम व्हाइट नावाचा शेअर विकणारा उद्योगी गृहस्थ त्याला भेटला. दोघांनी मिळून अमेरिकन डी फॉरेस्ट वायरलेस टेलिग्राफ कंपनी काढली. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी ३०० फुटी मनोरा उभारला. उपकरणांना सुवर्णपदकही मिळालं. पण कंपनीचा मुख्य धंदा संदेश पाठवण्यापेक्षा शेअर खपवण्याचा जास्त होता. त्यात जो डिटेक्टर ते वापरत होते तो रेजिनाल्ड फेसेंडेन या संशोधकाच्या पेटंटवर बेतलेला निघाला. प्रकरण कोर्टात गेलं आणि डी फॉरेस्ट हरला. नोव्हेंबर १९०६ मध्ये त्याला स्वतःच्याच नावाच्या कंपनीतून बाहेर पडावं लागलं.

निरोपाचे मिळाले १००० डॉलर. त्यातले निम्मे वकिलाकडे गेले. वर, कुणालाच नको असलेली काही पेटंटची कागदपत्रं त्याच्याकडेच राहिली. ती एका विचित्र दिव्याची होती.

हा दिवा समजून घ्यायचा तर दोन पावलं मागे जावं लागेल. एडिसनला १८८० च्या दशकात दिसलं होतं की बल्बमधल्या तापलेल्या तारेजवळ धातूचा तुकडा ठेवला तर मधल्या मोकळ्या जागेतून वीज वाहते, तीही एकाच दिशेनं. इंग्लंडमध्ये मार्कोनी कंपनीचे सल्लागार जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये याच गोष्टीचा रेडिओ डिटेक्टर बनवला. वीज एकाच बाजूनं जाऊ देणारी झडप, म्हणून त्यांनी त्याला व्हॉल्व्ह म्हटलं. आपल्याकडे ट्यूबला व्हॉल्व्ह म्हणतात ते याच इंग्रजी सवयीमुळे. अमेरिकेत ट्यूब हा शब्द रूढ झाला.

डी फॉरेस्ट आयुष्यभर सांगत राहिला की आपण फ्लेमिंगवरून काही घेतलं नाही, आपली वाट गॅसबत्तीवरून आली. पण १९०५ मध्ये त्याच्या सहायकानं न्यूयॉर्कच्या एच. डब्ल्यू. मॅककँडलेस या दिवे बनवणाऱ्या कारखानदाराकडे फ्लेमिंगच्या व्हॉल्व्हची नक्कल करून मागितली होती. त्यामुळे त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवणं अवघड आहे.

तरी एक गोष्ट निर्विवाद त्याची. १९०६ च्या अखेरीस त्यानं तापणारी तार आणि धातूची प्लेट यांच्यामध्ये तिसरा भाग घातला, नागमोडी वाकवलेली बारीक तार. तिचा आकार मॅककँडलेसच्या कारखान्यातल्या जॉन ग्रोगन या कारागिरानं सुचवला असं सांगतात. हीच ग्रिड.

ग्रिड काय करते? घरातला नळ आठवा. टाकीतल्या पाण्याला मोठा दाब असतो, पण चावी दोन बोटांनी फिरते. तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे धावतात, ग्रिड वाटेत चावीसारखी बसते. ग्रिडवर इवलासा सिग्नल दिला तरी मागचा मोठा प्रवाह त्याच तालावर कमीजास्त होतो. म्हणजे लहान आवाजाचा मोठा आवाज. पुढच्या पन्नास वर्षांत रेडिओ, लाऊडस्पीकर, बोलपट, टीव्ही, पहिले कॉम्प्युटर हे सगळं या नागमोडी तारेवर उभं राहिलं.

त्याच्या सहायकानं या दिव्याला ऑडिऑन नाव दिलं. जानेवारी १९०७ मध्ये अर्ज गेला आणि १८ फेब्रुवारी १९०८ ला ८,७९,५३२ क्रमांकाचं पेटंट मिळालं.

आणि इथेच खरी मेख आहे. डी फॉरेस्टला वाटत होतं की ऑडिऑन चालतो तो आत राहिलेल्या थोड्याशा वायूमुळे. तीच शिकागोची ज्योत! त्यामुळे काचेतली हवा पूर्ण काढायची नाही, हा त्याचा हट्ट. परिणाम असा की एक ऑडिऑन दुसऱ्यासारखा वागायचा नाही. बॅटरीचा दाब थोडा जास्त झाला की आतला वायू निळा चमकायचा आणि आवाज बंद. हौशी मंडळी प्रत्येक ट्यूबला तिच्या स्वभावानुसार सांभाळून घ्यायची. चाचणीत जास्त चांगल्या निघालेल्या ट्यूब एक्स दर्जाच्या म्हणून जास्त भावानं विकल्या जायच्या. तार लवकर जळायची म्हणून आत दोन फिलामेंट असायची. एक गेलं की दुसरं वापरायचं.

आज कुणाकडे जुना ऑडिऑन आला तर जाणकार हेच बघतात. काच गोल आहे का, खाली लहान दिव्यासारखी चुडीची टोपी आहे का, वरच्या बाजूनं लाल आणि हिरव्या आवरणाच्या तारा निघतात का, फिलामेंट दोन आहेत का, ग्रिड नागमोडीच आहे का. विकायचा डी फॉरेस्ट, पण काच फुंकून घडवायचा मॅककँडलेस. छापील नाव एकाचं आणि हात दुसऱ्याचा, ही या धंद्याची रीत पहिल्या दिवसापासूनची.

कंपनीनं हौशी लोकांवर एक अट घातली होती. जळालेला ऑडिऑन परत द्या, तरच नवा मिळेल. स्वतःचा सेट बनवून त्यात सुटी ट्यूब बसवायला बंदी. साहजिकच पळवाट निघाली. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एल्मर कनिंगहॅमनं परवाना वगैरे भानगडीत न पडता ऑडिओट्रॉन नावाची लांबट नळी सुटी विकायला काढली. डी फॉरेस्टनं दावा ठोकला, मग तडजोड झाली. ज्याला स्वतःला नकलेवरून कोर्टानं धरलं होतं, तो आता नकलांमागे धावत होता.

या सगळ्यात तो दुसरं एक खूळ जोपासत होता. रेडिओवरून मोर्सच्या कडकट्टऐवजी माणसाचा आवाज आणि संगीत पाठवायचं. १३ जानेवारी १९१० ला त्यानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातून एन्रिको कारुसोचं गाणं प्रक्षेपित केलं. ऐकणारे मोजके, आवाज यथातथाच. पण घराघरात गाणं पोचवण्याची कल्पना त्यानं इतक्या लवकर करून पाहिली, हे मान्य करावं लागतं. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू व्हायला २३ जुलै १९२७ उजाडावं लागलं.

घरचं चित्र मात्र बरं नव्हतं. त्याची चार लग्नं झाली. दुसरी बायको नोरा स्टँटन ब्लॅच स्वतः सिव्हिल इंजिनिअर. कॉर्नेल विद्यापीठातून ही पदवी घेणारी पहिली स्त्री. १९०८ मध्ये मधुचंद्राला पॅरिसला गेल्यावर दोघांनी आयफेल टॉवरवरून बिनतारी प्रक्षेपण करून दाखवलं. पण लग्नानंतर तिनं काम सोडावं असं त्याला वाटायला लागलं, तिनं ऐकलं नाही आणि संसार मोडला. विज्ञानात पुढचं बघणारा माणूस घरात मागचाच राहिला.

नवीन कंपनीही बुडाली. १९११ मध्ये तो कॅलिफोर्नियात पालो आल्टोला फेडरल टेलिग्राफ कंपनीत नोकरीला लागला. तिथे १९१२ मध्ये दोन सहकाऱ्यांसोबत त्यानं एका ऑडिऑनचा आवाज दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात सोडून पाहिला आणि आवाज दणदणीत वाढला. डिटेक्टर म्हणून विकल्या जाणाऱ्या दिव्याचं खरं काम आता कळलं होतं. तो अ‍ॅम्प्लिफायर होता.

याची सगळ्यात जास्त गरज टेलिफोन कंपनीला होती. तारेतून आवाज काही शे मैलांनंतर विरून जायचा आणि एटी अँड टीला न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को लाइन टाकायची होती. ऑक्टोबर १९१२ मध्ये डी फॉरेस्टनं त्यांना ऑडिऑन दाखवला. तिथल्या हॅरोल्ड अर्नोल्डला बघताक्षणी कळलं की यातली हवा पूर्ण काढायला हवी. जनरल इलेक्ट्रिकमध्ये आयर्विंग लँगम्युअरही त्याच निष्कर्षावर आला. हवा काढल्यावर ट्यूब शहाणी झाली. दरवेळी सारखी वागणारी, जास्त दाब सोसणारी, टिकाऊ. खऱ्या अर्थानं व्हॅक्यूम ट्यूब ही आणि ती डी फॉरेस्टच्या समजुतीच्या बरोबर उलट निघाली.

पैशाचं काय झालं? १९१३ च्या उन्हाळ्यात एक वकील त्याच्याकडे आला. अशिलाचं नाव न सांगता त्यानं टेलिफोनच्या वापराचे हक्क ५०,००० डॉलरला घेतले. तो अशील एटी अँड टी होता. कडकीत असलेल्या डी फॉरेस्टनं घासाघीस केली नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस तो न्यूयॉर्कच्या कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यात होता. आरोप होता टपालाचा वापर करून गुंतवणूकदारांना फसवल्याचा. सरकारी वकिलाचा मुद्दा असा की ऑडिऑन नावाचा हा दिवा कवडीमोल आहे आणि लवकरच आवाज अटलांटिकपार जाईल असं सांगून या लोकांनी जनतेला लुबाडलं. ज्या वस्तूचे देशातल्या सगळ्यात मोठ्या टेलिफोन कंपनीनं काही महिन्यांपूर्वी पैसे मोजले, तीच कोर्टात भुलथाप ठरत होती. डी फॉरेस्ट सुटला, त्याचे दोन भागीदार दोषी ठरले.

२५ जानेवारी १९१५ ला ट्यूबच्या जोरावर अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर फोन लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनहून निघालेला माणसाचा आवाज शेकडो ट्यूबच्या मदतीनं पॅरिसच्या आयफेल टॉवरवर ऐकू आला. अटलांटिक खरंच ओलांडला गेला होता, पण मान एटी अँड टीचा. पुढे रेडिओचे हक्क ९०,००० डॉलरला आणि १९१७ मध्ये उरलेले २,५०,००० डॉलरला त्यांनीच घेतले.

जुन्या ट्यूब विकत घेणाऱ्यांच्या दृष्टीनं हा व्यवहार महत्त्वाचा आहे. एटी अँड टीची उत्पादन शाखा म्हणजे वेस्टर्न इलेक्ट्रिक. याच हक्कांवर तिनं टेलिफोनसाठी आणि मग सिनेमागृहांच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी ट्यूब बनवल्या. त्यातली १९३८ ची ३००बी आज ऑडिओवाल्यांची पंढरी आहे. आणि सगळ्यात जास्त सावध राहायची जागाही तीच, कारण या नंबरची ट्यूब इतरही अनेक कंपन्या बनवतात. नवी ३००बी वाईट असते असं नाही, फक्त ती जुनी म्हणून विकली जाऊ नये.

ओळखायच्या खुणा बऱ्याचदा काचेतच असतात. मूळ टेलिफुंकन ईसीसी८३ च्या तळाला, पिनांच्या मधोमध, काचेतच दाबलेला चौकटच्या पत्त्यासारखा आकार असतो. शाई पुसता येते, तो पुसता येत नाही. मुलार्डच्या काचेवर खालच्या बाजूला फिकट कोरलेला कोड असतो. त्यातलं बी म्हणजे ब्लॅकबर्नचा कारखाना, पुढचा आकडा वर्षाचा शेवटचा अंक, मग महिन्याचं अक्षर आणि आठवडा. मात्र नाव वेगळं दिसलं म्हणजे फसवणूकच असं समजू नका. त्या काळी कंपन्या एकमेकींच्या ट्यूब राजरोस आपलं नाव छापून विकायच्या. आणि काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलीय, ती ट्यूब कितीही अस्सल असली तरी मेलेली आहे.

इकडे डी फॉरेस्टची कोर्टकचेरी संपत नव्हती. मार्कोनी कंपनीनं फ्लेमिंगच्या पेटंटवरून त्याच्यावर दावा केला, त्यानं ग्रिडवरून उलटा दावा केला. १९१६ मध्ये निकाल लागला की दोघंही एकमेकांचे दोषी. म्हणजे परवानगीशिवाय तीन भागांची ट्यूब कायदेशीररीत्या दोघांनाही बनवता येईना! हा तिढा महायुद्धात सरकारनं पेटंट बाजूला ठेवल्यावरच सुटला.

सगळ्यात कडवट भांडण मात्र एडविन आर्मस्ट्राँगशी झालं. कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या या पोरानं १९१२ मध्ये ट्यूबमधून बाहेर पडणारा सिग्नल परत आत फिरवून प्रचंड वाढवून दाखवला. पुढे ऑडिऑन नेमका कसा चालतो हेही त्यानं मोजमापांसकट मांडलं. शोधकर्त्याला जे आठ वर्षं कळलं नाही ते विशीतल्या मुलानं सांगितलं, हे डी फॉरेस्टला झोंबलं. ऑगस्ट १९१२ च्या आपल्या वहीतल्या एका नोंदीवर बोट ठेवून त्यानं तो शोध आपला असल्याचा दावा लावला. खटला १९३४ पर्यंत चालला आणि सर्वोच्च न्यायालयानं डी फॉरेस्टच्या बाजूनं कौल दिला.

इंजिनिअर मंडळींना हे पटलं नाही. निकालानंतर आर्मस्ट्राँग रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेचं पदक परत करायला गेला तेव्हा संस्थेनं ते घेतलं नाही. कोर्ट काहीही म्हणो, काम तुझंच, असा त्याचा अर्थ होता. एफएम रेडिओ देणाऱ्या या माणसानं पुढे दुसऱ्या पेटंटच्या लढाईत थकून १९५४ मध्ये आत्महत्या केली.

डी फॉरेस्टनं मधल्या काळात सिनेमाला आवाज द्यायचा प्रयत्नही केला. १५ एप्रिल १९२३ ला न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात त्याच्या फोनोफिल्मचे छोटे बोलपट दाखवले गेले. आवाज फिल्मवरच उमटवण्याची ही पद्धत पुढे सगळ्या जगानं घेतली. पण त्यातलं महत्त्वाचं काम थिओडोर केस या संशोधकाचं होतं. श्रेय मिळेना म्हणून केस वेगळा झाला आणि फॉक्स कंपनीकडे गेला. १९३६ मध्ये डी फॉरेस्टला दिवाळखोरी जाहीर करावी लागली.

१९३० मध्ये मूकपटांतली अभिनेत्री मेरी मॉस्क्विनीशी त्यानं चौथं लग्न केलं होतं. ते मात्र शेवटपर्यंत टिकलं. १९५० मध्ये त्यानं आत्मचरित्र लिहिलं, शीर्षकात स्वतःला रेडिओचा जनक म्हणवून घेतलं. ज्या रेडिओचा जनक म्हणवून घ्यायचं त्याच्यावर मात्र तो नाराज होता. जाहिराती आणि सवंग कार्यक्रमांवरून त्यानं प्रसारण कंपन्यांना खरमरीत पत्रही धाडलं होतं. १९६० मध्ये बोलपटातल्या कामासाठी त्याला मानद ऑस्कर मिळालं.

३० जून १९६१ रोजी हॉलिवूडमध्ये त्याचं निधन झालं, वयाच्या ८७ व्या वर्षी. तोपर्यंत लोकांच्या खिशात ट्रान्झिस्टर आला होता. १८० हून अधिक पेटंट नावावर असलेल्या या माणसाच्या बँक खात्यात तेव्हा साधारण १२५० डॉलर शिल्लक होते.